‘आय५, सगळं धरून’: ठाणे-वाशीतल्या असेंबल्ड डेस्कटॉप पॅकेजचं परीक्षण

ठाणे स्टेशनपासून नौपाड्यापर्यंत किंवा वाशीत सेक्टर १७ ला, कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात ‘घरी वापरायला डेस्कटॉप हवाय’ म्हटलं की पाच मिनिटांत एक कागद हातात पडतो. मजकूर थोड्याफार फरकाने असा: आय५ बारावी जनरेशन, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, कॅबिनेट ४५० वॅट एसएमपीएससह, २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस, विंडोज आणि ऑफिस फ्री. खाली एकच रक्कम, सगळं धरून. हे परीक्षण त्या कागदाचं आहे.

निकाल आधीच सांगतो. प्रोसेसर चांगला, बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) चालण्यासारखा, रॅम अपुरी, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) नशिबावर आणि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) परत करण्याच्या लायकीचा. रॅम आणि एसएमपीएस एवढं बदलून घेतलं तर पॅकेज घ्यायला हरकत नाही.

‘शेठ, आय५ म्हणजे कुठला?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘अहो साहेब, बाराव्या जनरेशनचा आहे, टेन्शन घेऊ नका.’ टेन्शन घ्यायचं ते पूर्ण मॉडेल नंबर कळेपर्यंत. बहुतेक वेळा तो आय५-१२४०० असतो: ६ कोर (काम करणारे स्वतंत्र भाग), १२ थ्रेड (एकावेळी हाताळता येणारी कामं), ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स. घरासाठी, टॅलीसाठी, फोटो एडिटिंगसाठी भरपूर. पण १२४००एफ निघाला तर त्याच्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावला की स्क्रीन काळीच राहते. मग दुकानदार ‘२ जीबी ग्राफिक्स कार्ड फ्री’ म्हणून जीटी ७३० खोचून देतो. एका दशकापूर्वीचं हे कार्ड साध्या १२४०० च्या आतल्या ग्राफिक्सच्या तुलनेत काहीच जास्तीचं देत नाही, वर वीज खातं आणि एक पंखा वाढतो. गेमिंग करायचंच नसेल तर ‘एफ’ नको.

खरं तर नुसतं टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास आणि यूट्यूब एवढंच असेल तर आय३-१२१०० पुरतो. ४ कोर, ८ थ्रेड, ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत. वाचलेले पैसे रॅममध्ये घाला. दुकानदाराला हे आवडत नाही, कारण आय३ म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्याच मानसिकतेवर शेजारच्या दुकानाची पाटी चालते: ‘आय७ कॉम्प्युटर, निम्म्या किमतीत’. तो आय७ म्हणजे २०११ चा २६०० किंवा २०१२ चा ३७७०. कुठल्या तरी ऑफिसातून निघालेला, नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेला. आय३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘आय७’ या अक्षरांसाठी पैसे मोजायचे असतील तर खुशाल मोजा.

प्रोसेसर कंपनीच्या डब्यातला की ‘ट्रे’चा, म्हणजे सुटा, हेही विचारावं. डब्यातल्याला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी आणि सोबत कूलर. ट्रेचा मिळतो थोडा स्वस्त, पण वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर, आणि कूलर दुसराच कुठला तरी. इंटेलच्या डब्यातला कूलर चार पुश-पिनांवर बसतो. पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरप्या क्रमाने दाबायच्या आणि बोर्डच्या मागून चारही पिनांची टोकं फाकून बाहेर आलीत ना, ते बघायचं. घाईत एक पिन अर्धवट राहते. मशीन चालू होतं, डेस्कटॉप दिसतो, सगळे खूश. मग एखादं जड काम सुरू केलं की तापमान १०० अंशांवर टेकतं आणि प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नवीन असून स्लो आहे.’ दुकानातच एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून दहा मिनिटं लोड द्या. डब्यातल्या कूलरवर आकडा ८० च्या घरात गेला तरी चालेल, पण १०० ला चिकटून राहता कामा नये. कूलर एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्याशिवाय परत दाबायचा नाही.

एच६१० बोर्डाबद्दल फार तक्रार नाही. रॅमचे दोनच स्लॉट, एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची जागा) असला तर पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या वेगाचा, आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर बहुतेक मॉडेलांत हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नाही. १२४०० ला हे पुरतं. ‘नंतर आय७ टाकू’ असा बेत असेल तर मात्र नाही: आय७-१२७०० जोरात असताना १८० वॅटपर्यंत मागतो आणि उघडा बोर्ड तापून त्याला मागे खेचतो. तसा बेत असेल तर आत्ताच बी७६० बोर्ड घ्या. दुसरी गोष्ट, एच६१० डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांसाठी वेगवेगळा येतो आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. कोटेशनवर नुसतं ‘एच६१०’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. या बोर्डाचं सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आता पुढे जाणार नाही, हेही खरं. इंटेल २०२४ मध्ये एलजीए १८५१ या नव्या सॉकेटवर गेली. प्रोसेसर बदलत राहायची हौस असेल तर एएमडी या दुसऱ्या कंपनीचं एएम५ सॉकेट बरं, पण त्यावर डीडीआर५ शिवाय पर्याय नाही.

रॅमची ओळ सगळ्यात साळसूद असते. ८ जीबी, म्हणजे एकच पट्टी. विंडोज ११, क्रोमचे दहा टॅब आणि झूम एवढ्यात ती भरते. एक पट्टी म्हणजे एकच चॅनेल (डेटा ये-जा करायचा रस्ता): डीडीआर४-३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी, दोन पट्ट्यांना ५१.२. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनमध्ये हा फरक थेट दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. एएमडीचा रायझेन ५ ५६००जी घेऊन त्यावर थोडंफार गेमिंग करणाऱ्यांनी तर एका पट्टीवर जाऊच नये. ८ च्या दोन मागा. दोन्ही एकाच मॉडेलच्या, सीलबंद. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. शेजारी-शेजारी लावलेल्या पुष्कळदा सापडतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली वेग आणि वापरलेले स्लॉट दिसतात, सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये पट्टीचा बनवणाराही कळतो.

एसएसडीत ‘५१२ जीबी’ एवढ्याने काहीच कळत नाही. साटा (जुनी, सावकाश जोडणी) असेल तर वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, एनव्हीएमई (नवी, वेगवान) असेल तर या बोर्डावर साडेतीन हजारांपर्यंत. एम.२ आकाराची असली म्हणजे एनव्हीएमईच असते असं नाही, साटाही त्या आकारात येते. स्वस्तातली क्यूएलसी प्रकारची डिस्क सुरुवातीला जोरात लिहिते आणि आतला कॅश (लिहिण्याची वेगवान तात्पुरती जागा) भरला की हार्ड डिस्कसारखी रांगते. दुकानात ५० जीबीचं फोल्डर कॉपी करून बघितलं की कळतं. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ (डिस्क किती तास चालली) बघा: नव्या डिस्कवर एखाद-दोन तास असावेत, हजार दिसले तर ती कुणाची तरी जुनी आहे. आणि एम.२ ची ती बारीकशी चकती-स्क्रू. ती हरवते. मग डिस्क एका टोकाला उचललेली राहते किंवा चिकटपट्टीने दाबलेली असते, आणि मशीन हलवलं की एक दिवस ‘नो बूट डिव्हाइस’.

आता एसएमपीएस. पॅकेजचा नफा इथे आहे आणि बिघाडाची सुरुवातही इथूनच. कॅबिनेटसोबत आलेल्या डब्यावर ठळक ‘४५० वॅट’ छापलेलं असतं. त्या अक्षरांकडे दुर्लक्ष करून बाजूचा तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात. तिथे १४ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट, बस्स. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या पुढे आकडा असतो. हातात धरल्यावर वजनातला फरकही कळतो.

ग्राफिक्स कार्ड नसेल तोवर १६८ वॅटवर १२४०० चालून जातो, आणि म्हणूनच दुकानात काही दिसत नाही. वर्षभराने मुलगा हट्टाने आरटीएक्स ४०६० आणतो. कार्ड ११५ वॅटचं, एनव्हिडिया एकूण ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. डब्याला ८ पिनी केबलच नसते, म्हणून मोलेक्सचा (जुन्या चार पिनी प्लगचा) जोड लावला जातो आणि तो तापतो. लक्षण ठरलेलं: गेम चालू असताना निळी स्क्रीन न येता मशीन फटकन रीस्टार्ट. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढीच नोंद. ती फक्त मशीन नीट बंद झालं नाही एवढंच सांगते, पण जड लोडलाच असं होत असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. लोक विंडोज बदलतात, रॅम बदलतात, आणि डबा तोच ठेवतात.

त्यामुळे कॅबिनेट रिकामं घ्या आणि एसएमपीएस वेगळा: ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज नीट खेचणारं सर्किट), कमीत कमी ३ वर्षं वॉरंटी. कार्ड टाकायचं नसेल तर ४५० वॅट, टाकायचं असेल तर ५५०. प्रोसेसरची ४+४ पिनी केबल बोर्डाच्या मागून वर पोचते का, तेही बघा. यूपीएसचं गणित याच हिशेबात येतं. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. १२४०० आणि ४०६० मिळून गेममध्ये अडीचशेच्या आसपास जातात, त्यात मॉनिटर धरला तरी बसतं. मात्र काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर काही अ‍ॅक्टिव्ह पीएफसी युनिटना मानवत नाही आणि महावितरणची लाइट गेली की यूपीएस असूनही मशीन बंद पडतं. दुकानातच गेम लावून भिंतीचं बटण बंद करून बघा.

घरी आणल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर मशीनला दोष देऊ नका. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर लाइन-न्यूट्रलच्या मधोमध पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो, प्रवाह अगदी थोडा. जुन्या चाळीत-बिल्डिंगीत तीन पिनी सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्याशिवाय स्पाइक गार्डही अर्ध्याच कामाचा.

कॅबिनेट निवडताना समोरची काच आणि रंगीत दिवे सोडा, जाळीचं तोंड बघा. कोपरी, ऐरोली, वाशी, बेलापूर, खाडीची दमट हवा कुणाला चुकली? धूळ त्या ओलीत चिकटून पापुद्रा धरते. सहा महिन्यांनी ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. पावसाळ्यात ‘पंखे फिरतात, डिस्प्ले नाही’ ही तक्रार आली की प्लग काढून रॅम उपसायची, सोनेरी कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि दोन्ही कुलपं ‘टक’ वाजेपर्यंत बसवायची. खोडरबराचा गल्लीतला उपाय चालतो, पण हलक्या हाताने, आणि चुरा स्लॉटमध्ये पडू न देता.

मॉनिटर आयपीएस (कडेने बघितलं तरी रंग न बिघडणारा) आणि एचडीएमआयवाला घ्या, पुढे काही नाही. ‘फ्री’ विंडोज म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारं चोरटं सॉफ्टवेअर), आणि तो टाकताना डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस, बंद केलेला असतो. ज्या मशीनवर बँकेचं काम किंवा क्लायंटची टॅली फाइल आहे तिथे हे नको. लायसन्सचे पैसे मोजा.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारात हेच सामान थोडं स्वस्त पडेल. तरी ठाण्यातलं दुकान मॉडेल नंबरसकट कोटेशन देत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन इथेच घ्यावं. पार्ट पहिल्याच आठवड्यात मेला तर ग्रँट रोडला जाऊन दादरला गाडी बदलत परत यायचं, की जेवणाच्या सुट्टीत बदलून आणायचं, हा प्रश्न आहे. मॉडेल नंबर लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून कीबोर्डही घेऊ नये.

पैसे देताना बिलावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि एसएमपीएस यांचे सिरीयल नंबर उतरवून घ्या, ‘कॉम्प्युटर सेट १ नग’ अशी एक ओळ नको. ग्राफिक्स कार्ड जड असेल तर ते काढून त्याच्या डब्यात घालून न्या. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत उभ्या कॅबिनेटमधलं कार्ड स्लॉटवर हेलकावे खातं, आणि तुटलेला स्लॉट वॉरंटीत बसत नाही.