कूलरचे पैसे बुडाले : १९३०, बँक की ग्राहक आयोग?

गेल्या एप्रिलमध्ये नागपुरातल्या आमच्या घरातून एकाच खोट्या दुकानात दोनदा पैसे गेले. नव्वद लिटरचा डेझर्ट कूलर, २,९९९ रुपये, ‘कारखाना बंद, शेवटचा माल’. बाहेर ४४ अंश आणि घरातल्या जुन्या कूलरची मोटर जळालेली. मी फोनवरून यूपीआयने पैसे भरून मोकळा झालो. माझं पाहून वहिनीनेही तोच कूलर मागवला, पण तिनं क्रेडिट कार्ड वापरलं. कूलर दोघांनाही आला नाही. दीडेक महिन्यानं वहिनीला २,९९९ रुपये पूर्ण परत मिळाले. माझे ६४० रुपये कुठल्याशा खात्यात अडकून पडलेत, बाकीचे गेले ते गेले.

दुकान तेच, वस्तू तीच, रक्कमही तीच. फरक पडला तो पैसे कुठल्या वाटेनं गेले यानं. म्हणून आता कोणी ‘तक्रार कुठं करू?’ असं विचारलं की मी आधी विचारतो, ‘पैसे कशानं भरले, आणि केव्हा?’

१९३० : पैसे अडवणारा नंबर

वाट कुठलीही असो, पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला. फुकट आहे, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. फोन लावण्याआधी खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख-वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक कागदावर लिहून घ्या. यूपीआयचा असेल तर बारा आकडी यूटीआर. मी फोनवर बोलता बोलता ॲपमध्ये तो शोधत बसलो आणि कॉलच कटला. तक्रार नोंदली की पोचक्रमांक मेसेजवर येतो, आणि मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर जाऊन २४ तासांच्या आत उरलेला तपशील भरायचा असतो. हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात. फोन झाला म्हणजे तक्रार झाली, असं त्यांना वाटतं.

आता या नंबरकडून काय मिळतं ते नीट समजून घ्या. तुमची तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते. पैसे त्या खात्यात असतील तर तेवढी रक्कम गोठवली जाते. पुढे सरकले असतील तर तक्रार पुढच्या बँकेकडे, तिथून त्याच्या पुढच्या. एटीएममधून रोख निघाली की साखळी तुटली. म्हणजे १९३० पैसे परत देत नाही, पळणारे पैसे धरून ठेवतो. सगळा खेळ तासांचा आहे.

आणि खोट्या दुकानाची लबाडी नेमकी इथंच असते. ओटीपी चोरणाऱ्यानं खातं साफ केलं तर दोन मिनिटांत मेसेज येतो नि तुम्ही खडबडून जागे होता. इथं तुम्ही स्वतः पैसे भरून, खुशीत, पार्सलची वाट पाहत बसता. आमच्या त्या दुकानानं ट्रॅकिंग नंबरही दिला होता. सहा दिवस पानावर ‘भिवंडीहून निघालं’ एवढंच. कुरिअरच्या नावाचं ते पानही खोटंच होतं, हे सातव्या दिवशी कळलं. तोवर माझे पैसे तीन खाती फिरून संपले होते.

नंबर शोधताना एक जपा. फोनवर ‘रिफंड हेल्पलाइन’ असं शोधलं की भामट्यांचेच नंबर वर येतात. १९३० हे चारच आकडे, पुढं-मागं काही नाही.

कार्डनं भरले असतील तर

नशीब समजा. कार्डाच्या व्यवहारात ‘चार्जबॅक’ नावाची सोय आहे. वस्तू मिळाली नाही तर तुमची बँक कार्डाच्या जाळ्यामार्फत (व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे) दुकानदाराच्या बँकेकडे पैसे मागते, आणि माल पोचवल्याचा पुरावा दुकानदारानं द्यायचा असतो. खोट्या दुकानाकडे तो कुठून येणार? व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत या कारणासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते. रुपे कार्डाचं वेळापत्रक वेगळं आहे, आणि तुमची बँक याहून लवकरची तारीखही सांगू शकते, तेव्हा रेंगाळू नका. डेबिट कार्डालाही ही सोय आहे, फक्त तिथं पैसे तुमच्या खात्यातून आधीच गेलेले असतात, म्हणून जीव जास्त टांगणीला लागतो.

वहिनीनं कस्टमर केअरला फोन केला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकला, यात काही होत नाही.’ इथं बहुतेक लोक फोन ठेवतात. आमची वहिनी शाळेत गणित शिकवते. तिनं शांतपणे सांगितलं, ‘व्यवहार मी केला नाही असं मी म्हणतच नाही. वस्तू आली नाही, असं म्हणते आहे. डिस्प्यूट फॉर्म कुठं मिळेल तेवढं सांगा.’

सगळी गोम या दोन वाक्यांत आहे. फॉर्मवर कारण निवडायचं असतं. घाबरून किंवा कोणी सुचवलं म्हणून ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ यावर खूण केलीत की बँक ओटीपीची नोंद काढते आणि दावा तिथंच झोपतो. वर तुम्ही खोटं बोललात असंही दिसतं. खरं कारण ‘माल मिळाला नाही’ हेच आहे आणि ते जास्त भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा तो प्रसिद्ध नियम, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, तोही तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तो नियम छापून बँकेत भांडायला जाणारे मी पाहिलेत. इथं तो लागू पडत नाही, उगाच घसा कोरडा होतो.

पुरावा म्हणून वहिनीनं ऑर्डरचा मेल, कूलर कधी येणार ते सांगणारा स्क्रीनशॉट, दुकानाला व्हॉट्सॲपवर पाठवलेले आणि उत्तर न आलेले दोन मेसेज, आणि एक फोटो जोडला. तो फोटो माझा. दुकानाच्या साइटवर बुटीबोरी एमआयडीसीतला एक प्लॉट नंबर होता. एका रविवारी मी स्कूटर काढून तिथवर गेलो. प्लॉटवर गंजलेलं बंद शेड, दारात बाभळीचं झुडूप, बाजूच्या गेटवर एक चौकीदार. मला पाहूनच म्हणाला, ‘कूलरवाले का जी? तुम्ही तिसरे आले या हप्त्यात.’ मी रागारागात शेडचा फोटो काढला. माझ्या यूपीआयच्या तक्रारीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. वहिनीच्या फाइलमध्ये मात्र तो चपखल बसला.

कार्डाचा नंबर खोट्या साइटवर टाकला असेल तर ते कार्ड त्याच दिवशी ब्लॉक करून नवं मागवा, हे ओघानं आलंच.

यूपीआय, आणि मधला गेटवे

यूपीआयचा यशस्वी झालेला व्यवहार पाठवणाऱ्याला आपल्या मर्जीनं मागं घेता येत नाही. ॲपमध्ये त्या व्यवहाराखाली तक्रारीचं बटण असतं, ते दाबा, बँकेतही लेखी द्या. पण पैसे एखाद्या माणसाच्या साध्या खात्यात गेले असतील, म्हणजे दुकान ‘अमुक कूलर्स’ आणि पैसे घेणारं नाव भलत्याच कुणाचं, तर खरी आशा १९३० च्या गोठवणीवरच. माझं हेच झालं. ते नाव मी पैसे भरतानाही पाहिलं होतं. मालकाचं असेल म्हटलं.

पैसे पेमेंट गेटवेतून, म्हणजे दुकानासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपनीतून गेले असतील तर गोष्ट थोडी बरी. गेटवे कंपनी दुकानदाराला पैसे बहुतेकदा त्याच क्षणी देत नाही, एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी देते. त्या आत तिच्या तक्रार अधिकाऱ्याला पेमेंट आयडी आणि १९३० चा पोचक्रमांक घालून मेल गेला, तर पैसे तिथंच थांबू शकतात. गेटवेचं नाव पैसे भरल्याच्या मेलमध्ये किंवा बँकेच्या नोंदीत सापडतं. शनिवारी फसलात तर रविवार तुमच्या बाजूनं असतो.

पोलीस आणि कोर्ट

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. रक्कम मोठी असेल, किंवा काही रक्कम गोठवली गेली असेल, तर ठाण्यात जावं लागतं. शहरात सायबर पोलीस ठाणं आहे, नागपूर ग्रामीण पोलिसांचं वेगळं. आपल्या भागातल्या ठाण्यालाही ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम न्याय संहितेतलं ३१८, आणि संगणकाच्या आडून सोंग घेऊन फसवल्याचं आयटी कायद्यातलं ६६ ड.

गोठवलेली रक्कम आपोआप परत येत नाही. बऱ्याच प्रकरणांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि आदेश बँकेला जातो. आपल्या प्रकरणात नेमकं काय लागेल ते तपास अधिकाऱ्याला विचारा. वकिलाची फी वाचवायची असेल तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथं उत्पन्नाची अट नसताना मोफत वकील मिळतो. घरातला व्यवहार बाईच्या खात्यातून झाला असेल तर हे लक्षात ठेवा.

ग्राहक आयोग : दुकान खरं असेल तरच

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कंपनीला तक्रार पाठवते, मध्यस्थी करते. समोर कंपनीच नसेल तर मध्यस्थी कुणाशी करणार?

जिल्हा ग्राहक आयोगाची अट कागदावर फार सोयीची आहे. तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता सुरतचा असला तरी केस नागपुरात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. पण आयोगाची नोटीस कुणाला तरी पोचावी लागते. बुटीबोरीच्या त्या बाभळीला नोटीस देऊन काय मिळणार?

मात्र दुकान खरं आहे, मालक आहे, पण माल दिला नाही किंवा भलताच दिला, तर हीच वाट सगळ्यांत चांगली. खरं-खोटं ठरवायला एक सोपी तपासणी आहे. बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या सरकारी साइटवर टाका. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. सुरुवात २७ ने असेल तर नोंदणी महाराष्ट्रातली. कॅश ऑन डिलिव्हरीनं चिंध्या आल्या असतील तर पार्सलवरचं लेबल फाडू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेकदा तिथंच असतो.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं थोडक्यात. ती तक्रार दुकानाविरुद्ध नसते, बँकेविरुद्ध असते. तुम्ही लेखी कळवूनही बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत अर्ज घेऊन जायची गरज नाही. तक्रार ऑनलाइन होते, टपालानं पाठवलीत तर चंदीगडला जाते. वहिनीची बँक चार्जबॅक घ्यायला नाही म्हणाली असती तर हीच पुढची पायरी होती.

मग कोणी कुठं जावं

कार्ड असेल तर १९३० आणि लगोलग चार्जबॅक, बाकी सगळं त्याच्या निकालानंतर. गेटवेतून गेलेले पैसे असतील नि दोन दिवस उलटले नसतील तर १९३० आणि गेटवेला मेल, तासाभराच्या आत. माणसाच्या खात्यात गेले आणि आठवडा उलटला, तर १९३० वर नोंद करा, पण आशा आवरती घ्या. दोन-तीन हजारांसाठी एफआयआरच्या मागं लागावं का? मी म्हणेन, काही रक्कम गोठली असेल तरच. पन्नास हजारांच्या पुढं गेले असतील तर हा प्रश्नच नको, ठाण्यात जा. आणि विक्रेता हाडामांसाचा सापडला तर आयोग.

‘आम्ही पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्यांना या यादीत मुद्दाम घेतलेलं नाही. माझ्या तक्रारीनंतर आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर एक साहेब अवतरले. डीपीवर अशोकस्तंभ, फाइल चार्ज फक्त ९९९. त्यांचा नंबर मी पोर्टलवर टाकला.

कूलर शेवटी ओळखीच्या कारागिराकडून घेतला, लोखंडी बॉडीचा, नवीन वूडवूल भरून. त्या ६४० रुपयांसाठी अर्जाचा कागद मी तयार ठेवलाय, जिल्हा न्यायालयात जाणं तेवढं राहिलंय. वहिनी म्हणते, ‘भाऊजी, बुटीबोरीच्या चकरेचं पेट्रोलही त्यात लावून टाका.’