जुन्या येझदीला कंडेन्सर कोणता बसवावा?

निपाणीकडून येताना तवंदी घाटात येझदी मान टाकते, झाडाखाली वीस मिनिटं गार झाली की एका किकला सुरू होते. असं होत असेल तर पेट्रोलला आणि कार्बुरेटरला शिव्या देण्याआधी साईड कव्हर उघडा. कुणाला तरी किक मारायला सांगा आणि सीबी पॉइंटकडे, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टोकांकडे, बघा. तिथे जाडजूड ठिणगी फटफटत असेल तर कंडेन्सर गेला म्हणून समजा. चांगल्या कंडेन्सरवर ठिणगी बारीक, जेमतेम दिसेल एवढीच असते.

पॉइंट उघडतात तेव्हा करंट तिथेच उडी मारू पाहतो. तो कंडेन्सर पोटात घेतो, म्हणून कॉइलमधलं चुंबकत्व झटकन कोसळतं आणि प्लगला जोर मिळतो. या गाड्यांना साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा चालतो.

जुन्या स्टॉकमधला, पिवळ्या पडलेल्या डबीतला नग हाती लागला की आपण हरखतो. मीही हरखलो होतो. पण येझदीचं म्हैसूरमधलं उत्पादन १९९६ साली थांबलं, म्हणजे त्या काळचा माल किती जुना ते बघा. आत कागद आणि फॉइलची गुंडाळी. सील सैल झालं की ओल शिरते, आणि आमच्या खानापूर-जांबोटीकडची ओल तर भिंतीला सोडत नाही. माझ्या नगाने मल्टिमीटरवर छान ०.२२ दाखवलं, आणि तिसऱ्या आठवड्यात कणकुंबीच्या अलीकडे भर पावसात दगा दिला. मीटर मोजतो थोड्याशा व्होल्टवर. पॉइंट उघडताना त्याच्यावर दोन-तीनशे व्होल्ट येतात, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी.

नव्या बनावटीचा बाजारी कंडेन्सर जागेवर नीट बसतो, स्वस्तही आहे, पण एक नग दोन वर्षं जातो तर दुसरा दोन महिने. घ्यायचा तर वायर मुळाशी हलकेच ओढून बघा. बसवायची पट्टी कंडेन्सरच्या अंगावर हलत असेल तर दुकानातच परत करा, कारण अर्थिंग तिथूनच मिळतं.

माझं मत तिसऱ्याला: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर. सिरॅमिकची चकती मात्र नको. तापली की बहुतेकांची क्षमता घसरते. फिल्मलाही १०० अंशांच्या पुढची उष्णता सोसत नाही, म्हणून इंजिनाच्या पोटात नको, टाकीखाली कॉइलजवळ बांधा. एक पाय पॉइंटच्या वायरला, दुसरा रंग खरवडलेल्या चासीला. पाय बारीक असतात, गाडीच्या थरथरीने तुटतात; वर नळी चढवून घट्ट बांधून टाका. आणि जुना कंडेन्सर सोडवायला विसरू नका. आमच्या मिस्त्रीने तो तसाच ठेवून नवा जोडला होता. जुना आतून शॉर्ट, मग नवा काय करणार, कपाळ!

पॉइंटच काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणारेही आहेत. शहरात ठीक. चोर्ला घाटात ते गेलं तर ढकलत न्यायची तयारी ठेवा. पॉइंट निदान पॉलिश पेपरने घासता येतात.

प्रदर्शनात गाडी मांडायची असेल तर बाजारी कंडेन्सर जागेवर दिसू दे, पण त्याची वायर सुटी ठेवा आणि काम फिल्मकडून करून घ्या. कंडेन्सर कुठलाही घाला, त्याच बैठकीत पॉइंट घासून गॅप ०.४ मिलिमीटरला लावा. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेकाड उठलं असेल, तर घासत बसू नका, जोडीच बदला.