बाबांची येझदी: मूळ रूप की नवा साज?
डिचोलीच्या घरी पडवीत बाबांची येझदी मोटरसायकल उभी आहे. 250 सीसी, टू-स्ट्रोक, किक आणि गिअरला एकच दांडा. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, त्यामुळे सुटे भाग शोधत फिरावं लागतं.

हुबेहूब मूळ रूप द्यायचं तर क्रोम पुन्हा चढवायचं, आणि गोव्याच्या खाऱ्या हवेत ते सतत पुसत राहायचं. 6 व्होल्टचा दिवा मात्र पावसाळी रात्री समईसारखा मिणमिणतो.

नवा साज म्हणजे बुटकं हँडल, एकच सीट. मग आई बसणार कुठे? शिवाय मोठे फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतात.

मी मूळ रूपच धरलंय. फक्त वायरिंग 12 व्होल्टचं. टाकीवर बाबांच्या गुडघ्यांनी झिजलेला रंग तसाच ठेवणार.