नोडचा आकार: पैशावर, सोयरिकींवर की मोक्याच्या जागेवर?

नेटवर्क ग्राफ, म्हणजे कुणाचं कुणाशी नातं आहे ते रेघांनी जोडून दाखवणारं चित्र, काढताना त्यातली वर्तुळं (म्हणजे नोड) कशाच्या हिशोबानं लहानमोठी करायची, हे ठरत नसेल तर पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या सोयरिकींचा डेटा घेऊन बसा. नेटवर्कएक्स या पायथनच्या लायब्ररीत तो आयता मिळतो: १५ घराणी, २० सोयरिकी. संपत्तीचे १४२७ सालचे आकडे मात्र वेगळे जोडावे लागतात.

संपत्तीवर आकार दिला तर स्त्रोत्सी सगळ्यांत मोठे: १४६ हजार लिरा. मेदिची १०३ वर आणि ग्वादान्यी बिचारे ८ वर, म्हणजे ठिपकाच. सोयरिकी मोजल्या की चित्र पालटतं. मेदिची ६, स्त्रोत्सी आणि ग्वादान्यी ४-४. तिसरा पर्याय बिटवीननेसचा, म्हणजे इतर दोन घराण्यांमधली सर्वांत जवळची वाट किती वेळा तुमच्या दारावरून जाते. इथे मेदिची ०.५२, दुसरे चक्क ग्वादान्यी ०.२५, आणि धनाढ्य स्त्रोत्सी ०.१०. पुढे १४३४ मध्ये कोसिमो दे मेदिची हद्दपारीतून परतला आणि पाल्ला स्त्रोत्सीला शहर सोडावं लागलं. ते सगळं या एका आकड्यामुळे घडलं असं कुणी म्हणू नये, पण संपत्तीच्या चित्रात त्याची चाहूलही लागत नाही.

माझं मत विचाराल तर एवढ्या छोट्या ग्राफमध्ये डिग्रीवर, म्हणजे सोयरिकींच्या संख्येवर, आकार देणं वाया जातं. रेघा डोळ्यांनी मोजता येतातच की! आकार संपत्तीला द्या, बिटवीननेस रंगाच्या गडदपणात दाखवा. मेदिची-स्त्रोत्सींमधला पेच एका नजरेत येतो. नोड शेकड्यांनी असतील आणि रेघांचा नुसता गुंता झाला असेल, तर मात्र डिग्रीच बरी. बिटवीननेसला मोठ्या ग्राफवर वेळ लागतो, शिवाय पात्सींसारख्या एकाच सोयरिकीवर लटकलेल्यांना ते सरळ शून्य देतं. किमान आकार ठेवला नाही तर ती वर्तुळं गायबच होतात.

काहीही निवडा, पण व्यास की क्षेत्रफळ हे आधी बघा. स्त्रोत्सींची संपत्ती मेदिचींच्या जेमतेम १.४ पट. तो आकडा थेट व्यासाला दिला तर वर्तुळ दुप्पट क्षेत्रफळाचं होतं, आणि बघणारा क्षेत्रफळच बघतो. डी३ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत वर्तुळाला त्रिज्या द्यायची असते, म्हणून तिथे वर्गमूळ घ्या. नेटवर्कएक्सचं ‘नोड साइझ’ मुळात क्षेत्रफळाचंच माप आहे. तिथे पुन्हा वर्गमूळ काढलंत तर फरक उगाच बुजतो. गेफी या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये किमान-कमाल आकार देऊन मधलं प्रमाण लावलं जातं. १० ते ४० दिलंत तर सगळ्यांत मोठं वर्तुळ व्यासानं लहानाच्या चौपट होणार, मग खरा फरक पाचपट असो की पन्नासपट. तिथे शेजारी दोन-तीन वर्तुळांची सूची आकड्यांसकट द्याच.