मुलांच्या त्वचारोगांकडे वळायचं: आधी त्वचारोगात एमडी की बालरोगात?

एमबीबीएसनंतर दोन्ही एमडी तीन वर्षांच्याच. कस लागतो नीट-पीजीच्या (एमडीच्या प्रवेशपरीक्षेच्या) रँकचा: त्वचारोगाच्या जागा फार वरच्या रँकलाच संपतात, बालरोगाच्या जागा संख्येने अधिक.

हाताचं कौशल्य त्वचारोगात मिळतं. पंच बायोप्सी (तपासणीसाठी त्वचेचा छोटा गोल तुकडा काढणं), केओएच तपासणी (बुरशी शोधण्याची), डर्मोस्कोपी (भिंगातून त्वचा पाहणं), लेझर रोजचं काम होतं. कुष्ठरोग आणि गुप्तरोगही त्यातच येतात, मुलं मात्र ओपीडीचा एक भागच. बालरोगात नेमकं उलटं. पुरळ दिसतं, पण बायोप्सी कुठून घ्यावी याचा सराव नसतो.

खरी परीक्षा औषधांत होते. तान्ह्या बाळाच्या हेमान्जिओमाला (रक्तवाहिन्यांच्या लाल गाठीला) प्रोप्रॅनोलॉल हे औषध देताना साधारण दिवसाला किलोमागे १ मिलिग्रॅमपासून २-३ पर्यंत चढायचं, नाडी आणि रक्तदाब पाहायचा. बाळ दूध पीत नसेल तर डोस थांबवायचा, नाहीतर साखर घसरते. बालरोगवाल्याला हे अंगवळणी पडलेलं असतं. उलट त्वचारोगवाला खाज पाहून डायपरखाली तीव्र स्टिरॉइड देण्याची चूक सहसा करणार नाही. तिथे त्वचा झाकलेली, शोषण जास्त.

पुढची बालत्वचारोगाची फेलोशिप (एमडीनंतरचं खास प्रशिक्षण) बहुधा वर्षभराची, पण प्रवेशाची अट आधी वाचा. अमेरिकेत बालत्वचारोगाचं प्रमाणपत्र त्वचारोग मंडळ देतं. नुसती बालरोगाची रेसिडेन्सी (तिथलं एमडीसारखं प्रशिक्षण) तिथे पुरत नाही.

लेझर, जन्मखुणा, जनुकीय त्वचारोग यांतच काम करायचं असेल तर त्वचारोग घ्या. तालुक्याच्या गावी एक्झिमा, खरूज, इम्पेटिगो (त्वचेचा जिवाणूसंसर्ग) आणि सोबत ताप-लसीकरण सांभाळायचं असेल, तर बालरोग अधिक उपयोगी.