द्वारकेजवळचे गॅरेज आणि सकाळी किंचाळणारा फॅन बेल्ट

माझी गाडी २००४ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी असून तिच्याविषयी एरवी माझी काही तक्रार नाही. मागच्या हिवाळ्यापासून मात्र सकाळी किल्ली फिरवली की बॉनेटखालून असा कर्कश आवाज उठे, की नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या घरी तिसऱ्या मजल्यावर चहा घेत बसलेल्या आईला मी निघाल्याचे तेवढ्यावरून कळे. आठ-दहा सेकंदांत आवाज थांबे आणि दिवे व ब्लोअर एकदम लावले की पुन्हा सुरू होई. आठ महिन्यांत दोनदा बेल्ट बदलला, एकदा त्यावर स्प्रे मारून घेतला, तीनदा मजुरी दिली. प्रत्येक वेळी पंधरा-वीस दिवस शांततेत गेले आणि आवाज परत आला. ज्यांच्याकडे हे काम केले त्यांचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण बेल्ट ओरडला की नवा बेल्ट घालून करकचून ताणायचा, ही रीत बऱ्याच ठिकाणी दिसते.

द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागल्यावर आतल्या गल्लीत असलेल्या ज्या गॅरेजविषयी मी लिहितो आहे, तिथे पत्र्याची एक शेड, एक खड्डा आणि दोन हाताखालची मुले एवढाच संसार आहे. मिस्तरी साठीच्या घरातले असून पूर्वी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. त्यांनी आधी बॉनेट उघडलेच नाही. आवाज सलग येतो की टिकटिकल्यासारखा तुटक, इंजिन थंड असताना येतो की तापल्यावरही, दिवे लावल्यावर वाढतो का, असे चार-पाच प्रश्न त्यांनी विचारले. सलग किंचाळी बहुधा बेल्ट घसरल्याची असते, चिवचिवाट पुल्या, म्हणजे बेल्ट ज्यांवरून फिरतो ती चाके, एका रेषेत नसल्याचा आणि खरखर किंवा घरघर बेअरिंगची, असे त्यांनी सांगितले आणि गाडी रात्रभर ठेवून जायला सांगितले. ‘गरम गाडी खोटं बोलते, साहेब. सकाळी थंड असताना ऐकू, तेव्हा या.’

सकाळी साडेआठला मी पोहोचलो. बॅटरीला मल्टिमीटर लावून त्यांनी गाडी सुरू केली, दिवे आणि ब्लोअर लावायला लावले, आणि बेल्ट किंचाळत असताना काट्याकडे बोट दाखवले. चार्जिंग नीट असेल तर जिथे चौदा व्होल्टच्या आसपास दिसायला हवे, तिथे जेमतेम तेरा दिसत होते. दिव्यांचा भार वाढला की अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारे यंत्र, फिरवायला जास्त जोर लागतो, बेल्टला तो पेलवत नाही आणि तो पुलीवर घसरून ओरडतो, हे त्यांनी आकड्यासकट दाखवले. (आपण अजून याला फॅन बेल्ट म्हणतो, पण माझ्या गाडीत पंखा रेडिएटरला लावलेल्या वेगळ्या मोटरवर चालतो आणि हा बेल्ट फिरवतो तो अल्टरनेटर व पाण्याचा पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात. नाव जुने राहिले आहे, इतकेच.)

त्यानंतर झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीतून त्यांनी चालत्या बेल्टवर पाण्याची बारीक धार सोडली. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा घसरतो आहे, आणि क्षणभर थांबून परत आला तर पुल्यांची रेषा बिघडली आहे, असा यातला ठोकताळा. रेघांच्या चपट्या बेल्टवर तो जास्त भरवशाचा असतो आणि माझ्या गाडीतल्यासारख्या पाचरीच्या आकाराच्या व्ही बेल्टवर नुसता इशारा समजायचा, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. माझा आवाज वाढला. मग बेल्ट उतरवून त्यांनी इंजिन पाच-सात सेकंद चालवले आणि किंचाळी पूर्ण बंद झाली. बेल्टशिवाय यापेक्षा जास्त वेळ इंजिन चालवायचे नसते, कारण तेव्हा पाणीही फिरत नाही आणि बॅटरीही चार्ज होत नाही. वॉटर बॉडीची पुली हाताने फिरवली तर ती गुळगुळीत फिरली. अल्टरनेटरची पुली मात्र वाळू भरल्यासारखी खरखरत होती.

इथपर्यंतचे काम कोणी चांगला कारागीर करील. मला पटले ते पुढचे. मिस्तरींनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि अल्टरनेटरच्या पुलीच्या खाचेत पाहायला सांगितले. खाचेचा तळ नव्या स्टीलच्या वाटीसारखा चकाकत होता. व्ही बेल्ट पाचरीसारखा काम करतो. त्याच्या दोन्ही तिरक्या बाजू खाचेच्या भिंतींना घट्ट धरतात आणि तळाला त्याने टेकायचेच नसते, म्हणून चांगल्या पुलीचा तळ नेहमी मळकट, कधी गंजलेलाही असतो. माझ्या पुलीच्या भिंती वीस वर्षांत झिजून आत वळल्या होत्या, त्यामुळे नवा बेल्टही खाली उतरून तळावर बसत होता आणि बाजूंची पकड जात होती. अल्टरनेटरची पुली सगळ्यांत लहान असल्याने बेल्ट तिला सगळ्यांत कमी वेढतो, म्हणून घसरण तिथेच आधी सुरू होते. अशा पुलीवर बेल्ट कितीही ताणला तरी आवाज काही दिवसच थांबतो. तो ताण सोसावा लागतो बेअरिंगला, आणि माझ्या अल्टरनेटरचे बेअरिंग त्यानेच खराब झाले, असे मिस्तरींचे मत पडले. स्प्रेविषयी ते म्हणाले, की तो चिकट असल्याने धूळ धरतो आणि तपासणाऱ्याची दिशाभूल करतो. जुन्या बेल्टच्या कडेवरून त्यांनी माझे बोट फिरवले, तेव्हा ती काचेसारखी गुळगुळीत लागली. दोन महिन्यांच्या बेल्टची ही अवस्था होती.

दुरुस्तीत सांगण्यासारखे थोडेच आहे. नवी पुली ३५० रुपये, बेल्ट ३२०, अल्टरनेटरची दोन बेअरिंग ४८० आणि मजुरी ९००, असे एकूण २,०५० रुपये झाले. पट्टी लावून पुल्यांची रेषा तपासली, आणि अल्टरनेटरच्या लांबट खाचेतला बोल्ट आवळण्याआधी मिस्तरींनी बेल्टच्या मधोमध अंगठा दाबून तो साधारण एक सेंटिमीटर दबतो की नाही ते दोनदा पाहिले. नेमके माप प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत असते, ते पाहण्यासाठी त्यांनी माझ्याकडची पुस्तिका मागून घेतली, हे मला विशेष वाटले. दिवे लावून मल्टिमीटर पुन्हा पाहिला तेव्हा १४.१ व्होल्ट होते. जुने भाग त्यांनी न मागता पिशवीत घालून दिले.

उणिवाही आहेत. पुली त्या दिवशी मिळाली नाही, त्यामुळे गाडी दुसऱ्या संध्याकाळी हातात आली आणि मधल्या वेळेत कोणी फोन केला नाही. मीच तीनदा केला. बसायला एक मोडकी खुर्ची आहे आणि तिच्यावर बहुतेक वेळा कुणाचा तरी डबा असतो. बिल वहीच्या कागदावर मिळते, म्हणून कंपनीकडून खर्च परत घेणाऱ्यांची अडचण होईल. मिस्तरी समजावून सांगण्यात रमतात आणि मागे रांग लागते, हे मला आवडले असले तरी घाईतल्या माणसाला आवडणार नाही. उशिराबद्दल मी जरा तिखट बोललो, तेव्हा त्यांनी शांतपणे ‘चूक झाली’ म्हटले, त्यावर मलाच पुढे बोलवेना.

पाचशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासायला बोलावले होते, कारण नवा बेल्ट खाचेत बसताना थोडा सैल पडतो. तो खरोखर किंचित सैल झाला होता आणि त्यांनी पैसे न घेता आवळून दिला. त्यानंतर जुलै-ऑगस्टचा पाऊस गेला, दोनदा मुंबईहून भर पावसात दिवे आणि वायपर लावून कसारा घाट चढून आलो, आणि गाडी एकदाही ओरडली नाही. आई आता मला खिडकीतून हात करायला लावते, कारण मी निघालो हे तिला कळत नाही.

कोणाला जायचे असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सहाच्या आत ठेवावी आणि सकाळी त्यांनी किल्ली फिरवण्याआधी स्वतः हजर राहावे. सोबत गाडीची पुस्तिका न्यावी, आणि बेल्टवर स्प्रे किंवा साबण लावून झाला असेल तर ते आधीच सांगावे.