‘मिस किम’ लायलॅक: झाड उत्तम, लेबलवरची उंची मात्र फसवी

न्यू जर्सी, बॉस्टन, शिकागो, टोरांटो इथल्या थंडीत मोगरा बाहेर टिकत नाही. अंगणात वासाचं झुडूप तर हवंच असतं. जागा बेताची असेल तर आमची पहिली शिफारस ‘मिस किम’ लायलॅकची. पाचपैकी साडेचार गुण. कापलेला अर्धा गुण लेबलचा आहे.

बहुतेक कुंड्यांवर उंची चार-पाच फूट छापलेली असते. सुरुवातीची काही वर्षं ते खरंही वाटतं. पुढे छाटणी चुकली तर झुडूप सहा ते आठ फूट उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद होतं. म्हणून खिडकीखाली लावू नका. भिंतीपासून चार फूट लांब ठेवा आणि दोन रोपांत सहा फूट अंतर सोडा.

रोपांचे नवे वाण तयार करणारे एल्विन मीडर यांनी 1947 साली कोरियातल्या डोंगरावरून याचं बी आणलं, न्यू हॅम्पशायर विद्यापीठात रोपं वाढवली आणि 1954 मध्ये हा वाण बाहेर आला. हार्डिनेस झोन (हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेले अमेरिकेचे विभाग) 3 ते 8, म्हणजे कडाक्याची थंडी याला सहज सोसते. नेहमीच्या लायलॅकपेक्षा हा उशिरा फुलतो, त्यामुळे एप्रिलच्या अवकाळी दंवातून कळ्या बहुधा वाचतात.

कळी गडद जांभळी असते. बारीक नळी आणि चार पाकळ्या उघडल्या की रंग फिकट होतो आणि काही दिवसांत पांढुरका निळसर दिसू लागतो. ‘रंग उडाला’ अशी तक्रार करणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. भडक जांभळा हवा असेल तर दुसरा वाण बघा. वास गोड, त्यात मसाल्याची हलकी झाक, आणि उबदार संध्याकाळी तो अंगणभर पसरतो. पानांवर भुरी (पांढरी बुरशी) फार कमी येते आणि मुळांतून फुटवेही कमी निघतात. जुन्या लायलॅकची हीच दोन दुखणी. शरद ऋतूत पानं तांबूस-जांभळी होतात, हा वरचा फायदा.

नर्सरीत रोप कुंडीतून काढून दाखवायला सांगा. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर लावण्याआधी बाहेरून तीन-चार ठिकाणी उभी चिरून मोकळी करा. स्वतःच्या मुळांवर वाढलेलं रोप मागा. एका उंच खोडावर कलम केलेलं ‘झाड’ही विकतात, पण त्याच्या खुंटावर, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या खालच्या रोपावर, फुटणारे कोंब सतत काढावे लागतात, नाहीतर खुंटच कलमाला मागे टाकतो.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद घ्या, खोली मात्र तेवढीच ठेवा. खोल लावलेलं लायलॅक कुढत राहतं. निचरा हवाच. पाणी साचणाऱ्या चिकणमातीत उंचवटा करून त्यावर लावा. मातीचा सामू (pH) साडेसहा ते सातच्या आसपास ठेवा, पण माती तपासल्याशिवाय चुना टाकू नका. पहिल्या वर्षी पाऊस धरून आठवड्याला साधारण एक इंच पाणी द्या. दोन इंच आच्छादन घाला, खोडाला न टेकवता.

‘फुलतच नाही’ ही तक्रार सर्वांत जास्त येते. नव्या रोपाला दोन-तीन वर्षं द्यावीच लागतात. त्यानंतरही फुलं नसतील तर आधी छाटणीची तारीख आठवा. पुढच्या वर्षीच्या कळ्या याच उन्हाळ्यात, यंदा वाढलेल्या काडीवर धरतात. ऑक्टोबरमध्ये झुडूप ‘नीट’ केलंत की पुढचा बहर कात्रीने कापलात. छाटणी फुलं सुकल्यावर दोन-तीन आठवड्यांत उरका. दुसरं कारण सावली: सहा तास थेट ऊन पाहिजे. तिसरं कारण बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. लॉनला टाकलेलं नत्राचं खत मुळांपर्यंत पोचतं, झुडूप हिरवंगार होतं आणि कळ्या धरत नाही.

पुण्या-मुंबईत मात्र हे रोप किंवा याच्या बियांची पाकिटं घेऊ नका. फुलायला लांब, खरी थंडी लागते, ती तिथे मिळत नाही. शिवाय भारतात ‘पर्शियन लायलॅक’ नावाने मिळणारं झाड म्हणजे बकाण निंब, लायलॅकशी त्याचा संबंध नाही. तिथे वासासाठी कामिनी किंवा अनंत लावा.